मंगळवारची हवा

माझ्या जाऊबाईंना श्वास रोखून धरता येत नाही, असं एका साहेबानं कचेरीच्या कागदावर टाइप करून, खाली सही ठोकून आमच्या घरी पाठवलं. पाकीट मीच फोडलं. वाचता वाचता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जी बाई तेहतीस वर्षं दर मंगळवारी सकाळी दहा वाजता टेकडीवर उभी राहून श्वास रोखते, तिला हे सांगणार कोण, तर ज्याला बुटाची नाडी बांधताना धाप लागते तो!

रागात सांगायला बसले की माझी शिवण वाकडी जाते. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमच्या घरात दोन भाऊ, आम्ही दोघी जावा आणि स्वयंपाकघर एकच. मी घरी पडदे शिवते. जाऊबाई हवामान कचेरीत. त्या तिथे बाटल्या धुवायला म्हणून लागल्या आणि चार-सहा महिन्यांत बाटल्या भरायला लागल्या. गल्लीत त्यांना सगळे 'बाटलीवाल्या काकू' म्हणत. नवखा माणूस हे ऐकून दचकला की थोरले दीर, म्हणजे त्यांचे यजमान, पडलेल्या चेहऱ्यानं सांगत, "दर मंगळवारी, सकाळी दहालाच. किती समजावलं, ऐकत नाही." दीर पोस्टात होते. दिवसभर शिक्के मारून आले की त्यांना कुणाची तरी फिरकी घ्यायला लागायची.

मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यातली गोष्ट. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. मी विचारलं, "जाऊबाई, मीठ किती घालू?" उत्तर नाही. वळून बघते तर ही बाई ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करून उभी. पुन्हा विचारलं. हूं नाही की चूं नाही. आईनं निघताना कानात सांगितलंच होतं, जावा जावा आणि उभा दावा. मी हातातला डाव तिथेच टाकला आणि खोलीत जाऊन रडत बसले. पाच मिनिटांनी जाऊबाई दारात. "अगं, चमचाभर घाल. मला बोलता येत नव्हतं, मी पन्नासावर होते." त्या श्वास रोखायचा सराव करत होत्या. रोज करायच्या, दूध तापेपर्यंत.

हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं म्हाताऱ्या साहेबांनी. टेकडीवरचं केंद्र त्यांनीच सुरू केलेलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, बाहेरच्या हवेचे दहा लाख भाग केले तर त्यात कार्बन डायऑक्साइडचे भाग साडेतीनशे. आणि तुमच्या उच्छ्वासात चाळीस हजार. तुम्ही बाटलीजवळ नुसता सुस्कारा टाकलात तरी आम्हाला वाटेल, जगाला आग लागली." त्यावर जाऊबाईंनी विचारलं, "मग साहेब, मेल्यावर भरू का?" साहेब हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. पण जाऊबाईंनी ते मनाला लावून घेतलं, ते कायमचं.

बाटली म्हणजे दोन लिटरची, जाड काचेची, गोल, वर काचेचीच तोटी. आत काही नाही. हवासुद्धा काढून घेतलेली. टेकडीच्या माथ्यावर आधी वाऱ्याकडे तोंड करून पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. मग एक खोल श्वास घ्यायचा, धरायचा आणि वाऱ्याच्या तोंडावर दहा पावलं चालत जायचं, म्हणजे आपण आधी सोडलेली हवा मागे राहते. हात वर करून बाटली डोक्याच्या वर न्यायची, तोटी फिरवायची. फुस्स करून बाहेरची हवा आत शिरते. आवाज थांबला की तोटी बंद करायची आणि श्वास तसाच धरून दहा पावलं मागे यायचं. मग दुसरी बाटली. बाटली एकदा भरली की भरली, तिथल्या तिथे रिकामी करून पुन्हा भरता येत नाही. दोन्ही बाटल्या स्पंजाच्या पेटीत बसवून दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जायच्या. तिथे त्यातली हवा मोजत, आणि नोंदीत ती जोडी मिळून एकच बाटली धरत.

कुणी म्हणेल, त्यात काय एवढं मोठं? करून बघा. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी, हातात काच, पाय खडबडीत दगडावर, आणि पन्नासपर्यंत मोजा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा तेविसावर फुटले. ती वेळ माझ्यावर का आली, ते पुढे येईलच.

वर्षातून एकदा प्रयोगशाळेतून एका ओळीचं पत्र यायचं: गेल्या वर्षाची सरासरी अमुक. बाटल्या मोजणाऱ्या बाईंच्या हातचं असायचं. वीस वर्षं आम्ही त्यांचं अक्षर ओळखत होतो, आवाज कधी ऐकला नव्हता. जाऊबाई तो आकडा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूला, पेन्सिलीनं लिहून ठेवायच्या. त्याच दारावर माझ्या दोन मुलींच्या उंचीच्या रेघा होत्या. मुली वाढत होत्या, आकडाही वाढत होता. तीनशे साठ. तीनशे सत्तर. तीनशे ऐंशी. थोरली सोळाव्या वर्षी वाढायची थांबली, धाकटी सतराव्या. आकडा थांबला नाही. त्यानं चारशे ओलांडले त्या वर्षी जाऊबाई कपाट उघडं ठेवून बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, पोरीसुद्धा कधीतरी थांबतात."

मला त्यांनी हे सगळं भाजी निवडताना शिकवलं. झाडांना पालवी फुटली की आकडा जरा उतरतो, कारण पानं तो वायू ओढून घेतात. पानं गळून कुजली की परत चढतो. हे वर-खाली दरवर्षीचं, त्यात कुणाचा दोष नाही. पण दरवर्षी तो चढून जिथे पोचतो ती जागा आदल्या वर्षीपेक्षा वर असते. ते काम झाडांचं नाही. ते आपल्या गाड्यांचं, भट्ट्यांचं, वीज करायला जाळलेल्या कोळशाचं. त्याच बाटलीत प्राणवायूही मोजतात आणि तो त्याच वेळी थोडा थोडा कमी होत चाललाय, म्हणजे कुठेतरी काहीतरी सतत जळतंय. "धूर नाकात गेला तर माणूस ओरडतो," जाऊबाई म्हणायच्या, "हा ना दिसतो, ना वास येतो. म्हणून सगळे गप्प."

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. मी दुधाच्या दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, जिथे तिथे सांगायचे, यंदा आकडा इतका झाला म्हणून. लोक म्हणायचे, हो का, आणि वजनकाट्याकडे बघायचे. पालथ्या घड्यावर पाणी. तिडीक जायची डोक्यात. एक बाई तुमच्यासाठी दर आठवड्याला श्वास रोखते आणि तुम्हाला ऐकायलाही सवड नाही! जाऊबाई मात्र चिडायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं एकच, मंगळवार चुकता कामा नये. त्यांनी चुकवलाही नाही. सासूबाई गेल्या तो सोमवार होता. मंगळवारी दहाला जाऊबाई टेकडीवर होत्या, सुजलेल्या डोळ्यांनी. नातेवाइकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

चार वर्षांपूर्वी कचेरीत हे नवे साहेब आले. अंगानं भरलेले, बोलायला गोड. महिन्यातून एकदा, पहिल्या मंगळवारी, पाहणीला यायचे. म्हणजे काय, तर जाऊबाईंच्या बाटल्या भरून झाल्या की माथ्यावरच्या खोलीत येऊन रजिस्टरवर सही करायची आणि जायचं. टेकडीच्या पायथ्याशी फाटक आहे. त्यावर म्हाताऱ्या साहेबांच्या काळची पाटी: वाहने येथेच थांबवावीत. तिथून माथा सहाशे पावलं, चढाची. साहेब दर वेळी ताजेतवाने, घामाचा टिपूस नसलेले, खोलीत शिरायचे. ज्याला नाडी बांधताना धाप लागते तो माणूस सहाशे पावलं चढून असा कसा येतो, हे आमच्यापैकी कुणाच्या टाळक्यात आलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी जाऊबाईंना न्यूमोनिया झाला. बऱ्या झाल्या, पण छाती पहिल्यासारखी राहिली नाही. आमच्या घराच्या जिन्याला सतरा पायऱ्या. त्या नवव्या पायरीवर थांबायच्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करायच्या. महिनाभर एकच पान. मी एकदा म्हटलं, "पाठ झालं असेल ते आता. कचेरीत सांगा ना, जमत नाही म्हणून."

"सांगितलं की मला उठवतील आणि जागा भरणार नाहीत. मंगळवार रिकामा जाईल."

"आणि तुम्ही वर पडलात म्हणजे?"

"चार महिने राहिले की निवृत्तीला. तोवर काय पडते मी!" हे त्या गेली तीन वर्षं म्हणत होत्या. आधी छत्तीस महिने, मग चोवीस, मग चार.

वरच्या माथ्यावर श्वास सुटला असं एखाद्या दिवशी झालं की त्या आपल्या खासगी वहीत त्या तारखेपुढे एक ठिपका द्यायच्या. कचेरीला कळवायच्या नाहीत. चूक होती ती, मी नाही म्हणत नाही. पण ठिपका द्यायच्याच.

आणि मग ते पत्र. गेल्या चार वर्षांत सतरा बाटल्यांमधला आकडा अचानक उसळलेला आढळला. कारण, 'नमुना घेणाऱ्या व्यक्तीचा उच्छ्वास'. सबब चार वर्षांची संपूर्ण नोंद रद्द करावी, त्याआधीची संशयास्पद मानावी आणि केंद्र बंद करावं, अशी साहेबांची शिफारस. दोन आठवड्यांनी गुरुवारी सुनावणी.

तेहतीस वर्षं संशयास्पद! उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तिथल्या तिथे साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जाऊबाईंनी मात्र चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि वही काढली. ठिपके मोजले. चार.

"हे सतरा म्हणतात," त्या म्हणाल्या.

"मग उरलेल्या तेरा तारखा त्यांनी पदरच्या घातल्यात."

"आकडे प्रयोगशाळेचे आहेत गं. त्या बाई खोटं नाही लिहिणार." त्यांनी वही मिटली. "माझाच श्वास सुटत असेल. नकळत. म्हातारं झालं की माणसाला आपलंच कळत नाही."

मी जोरजोरात नाही म्हटलं. पण खरं सांगते, आणि सांगताना लाज वाटते, माझ्याही मनात तेच आलं होतं. ती नववी पायरी मी रोज बघत होते ना.

त्या तीन-चार दिवसांत जाऊबाई जेवायला बसायच्या आणि उठायच्या. दिरांनी थट्टा बंद केली, यावरून काय ते ओळखा. एकदा त्या मला म्हणाल्या, "मी जगाला खोटी हवा पाठवली." मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

मंगळवार आला. महिन्यातला पहिलाच. मी म्हटलं, मीही येणार. "बाहेरच्या माणसाला मनाई आहे," त्या म्हणाल्या. म्हटलं, "मी बाहेरची नाही, जाऊ आहे." वाटेत त्या चार वेळा थांबल्या. माथ्यावर मला त्यांनी वाऱ्याच्या उलट बाजूला, तीस पावलं मागे उभं केलं आणि बजावलं, हलायचं नाही, बोलायचं नाही.

पाच मिनिटं त्या नुसत्या उभ्या राहिल्या. हवा छान होती, समुद्राकडून येणारी. मग त्यांनी श्वास घेतला आणि चालायला लागल्या. पाठ ताठ, मान सरळ. एक पाऊल चुकलं नाही. आणि त्या दहाव्या पावलावर हात वर करतायत तोच माझ्या नाकात पेट्रोलचा वास शिरला.

माझं नाक तिखट आहे. गिऱ्हाइकानं सिगारेट ओढून पडद्याला हात लावला असेल तर मला दुसऱ्या दिवशी कळतं. मी नीट हुंगलं. वास समोरूनच येत होता, वाऱ्याच्या तोंडावरून. मी ओरडले, "जाऊबाई, थांबा!" पण त्यांच्या कानात वारा होता आणि त्यांना वास येणं शक्यच नव्हतं. श्वास रोखलेल्या माणसाला वास कुठून येणार? तेहतीस वर्षं जी गोष्ट त्यांनी नेमानं केली, तिनंच त्यांना आंधळं केलं होतं.

बाटलीत फुस्स झालं. मी धावत सुटले.

माथ्याच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, उतार आहे. त्या उताराखालच्या वळणावर झुडपांआड कचेरीची जुनी गाडी उभी होती. फाटकाची किल्ली साहेबांकडे. इंजिन सुरू. काचा वर. आत साहेब पाय लांब करून वर्तमानपत्र वाचतायत आणि मागच्या नळीतून धूर थेट चढ चढतोय, वाऱ्याबरोबर, माझ्या जाऊबाईंच्या बाटलीकडे.

मी काचेवर मूठ आपटली. काच चार बोटं खाली आली, आतून गार हवा आली.

"कोण तुम्ही? इथे बाहेरच्यांना परवानगी नाही."

"आणि गाडीला आहे? बंद करा ती आधी!"

"अहो, साहेबांना उकडतं," ड्रायव्हर बिचारा चाचरत म्हणाला.

"हे बघा बाई," साहेब म्हणाले, "आवाज चढवू नका. एका गाडीनं काय आभाळ कोसळत नाही."

"आभाळ नाही कोसळत! तुमच्यामुळे त्या बाईचं जेवण तुटलंय! स्वतः धूर सोडायचा आणि तिच्या श्वासावर खापर फोडायचं? चोराच्या उलट्या बोंबा! पायांना काय मेंदी लावलीय का तुमच्या, खालून चालत यायला?"

आणखीही बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागे खडखड झालं म्हणून वळले, तर जाऊबाई, बाटली पोटाशी धरून, उतारावर उभ्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. ड्रायव्हरला विचारलं, "नेहमी इथेच लावता?"

"हो काकू. पहिल्यापासून. साहेबांना चढ झेपत नाही. तुमचं आटपेपर्यंत इथे थांबतो."

जाऊबाई तिथल्याच एका दगडावर बसल्या आणि रडल्या. मोठ्यानं, मोकळ्यानं, गाडीसमोर. मी त्यांना इतक्या वर्षांत असं रडताना पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून वर गेल्या आणि खोलीतलं रजिस्टर उघडून बसल्या. साहेब महिन्याला येत, पण वारा दर वेळी त्या उतारावरून नसे. जेव्हा होता त्या तारखा त्यांनी आपल्या वहीतल्या वाऱ्याच्या नोंदीवरून काढल्या. तेरा तारखा. तेराही ठिकाणी साहेबांची लफ्फेदार सही.

त्याच दुपारी मोजणाऱ्या बाईंना फोन लावला. पहिल्यांदाच आवाज ऐकला. बारीक आणि फणकारेदार, मला आवडला. त्या म्हणाल्या, "माणसाच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, पण कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नसतोच. बंद खोलीत कोळसा पेटवला की माणसं मरतात ना, तो वायू. इंजिनाच्या धुरात दोन्ही असतात. मी दोन्हींचे आकडे दर वेळी पाठवते. तुमच्या साहेबांनी पान उलटलं नाही वाटतं."

पान उलटलं नाही! तेहतीस वर्षं पुसून टाकायला निघाले आणि एक पान उलटायचे कष्ट नाहीत!

पुढच्या सोमवारी, सुनावणीच्या तीन दिवस आधी, पाकीट आलं. दोन कागद. पहिल्यावर तेरा बाटल्या: दोन्ही वायू उसळलेले, म्हणजे धूर. दुसऱ्यावर चार: फक्त कार्बन डायऑक्साइड, म्हणजे श्वास. जाऊबाईंनी वही शेजारी ठेवली. चारही तारखा ठिपक्यांच्या. एक इकडची तिकडे नाही.

मी दार लावून घेतलं. "जाऊबाई, ऐका माझं. पहिला कागद न्या. दुसरा राहू दे घरी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि वही?"

"वही कशाला न्यायची? कुणी मागितलीय?"

"त्या चार बाटल्यांत माझा श्वास आहे," त्या म्हणाल्या, "तो जगाच्या हवेत मोजला जाईल."

"चारच तर आहेत! तेहतीस वर्षांत!"

"त्याची एक गाडी, माझ्या चार बाटल्या. मग त्याला शिव्या कशाला देत होतीस?"

मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. वागायचं किती सरळ, त्याला काही धरबंध? समोरचा काठी घेऊन उभा आणि ही पाठ वाकवून देते.

गुरुवारी मी सुनावणीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. मुख्य कचेरीचे कुणी अधिकारी आले होते. जाऊबाईंनी रजिस्टर, दोन्ही कागद आणि वही टेबलावर ठेवली आणि जे होतं ते सांगितलं, छातीसकट. त्यांचं संपायच्या आत साहेब कडाडले, "बघा! बाईंनी स्वतः कबूल केलं! आजार लपवला! मी म्हणत होतो तेच!" तेरा बाटल्यांबद्दल विचारल्यावर मात्र त्यांना खोकला आला.

निकाल चार दिवसांनी हातात पडला. चार बाटल्या बाद. तेरांपुढे शेरा: वाहनाचा धूर. बाकीची तेहतीस वर्षं ग्राह्य. इथपर्यंत वाचून मी जाऊबाईंना मिठी मारली. त्यांनी मला हळूच बाजूला केलं आणि पुढे वाचलं. आजार लपवल्याबद्दल त्यांना नमुने घेण्याच्या कामावरून तात्काळ दूर करण्यात येत आहे. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत नमुने स्थगित. आणि साहेबांचं? 'वाहने फाटकाबाहेर लावण्याबाबतची सूचना पुन्हा प्रसृत करावी.' बस्स. सूचना! पाटी तर तिथे आधीपासून होती!

पर्यायी व्यवस्था कसली, कुणी नव्हतंच. आधीही कुणी नव्हतं. एका बाईच्या छातीवर एवढं मोठं काम टांगून ठेवलं होतं आणि ती छाती थकली तर म्हणे तिनं लपवलं.

सोमवारी संध्याकाळी जाऊबाई स्वयंपाकघरात कपाट उघडं टाकून बसल्या होत्या. दारावरच्या आकड्यांकडे बघत म्हणाल्या, "उद्याचा रिकामा जाणार."

कोपऱ्यात परत पाठवायची पेटी होती. तिच्यात दोन बाटल्या न भरलेल्या.

"कसं करायचं ते मला सांगा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग घड्याळ काढलं. तेविसावर फुटले. मग एकतीस. झोपेपर्यंत बेचाळीस. सकाळी आम्ही पाऊलवाटेनं गेलो. जाऊबाई तीस पावलं मागे, कमरेवर हात ठेवून. मी वाऱ्याच्या तोंडावर दहा पावलं चालले. तोटी फिरवली, फुस्स झालं, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी मी तोंड उघडलं नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईनं! पेटीतल्या चिठ्ठीवर भरणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहिलं आणि हुद्द्याच्या जागी 'पडदे शिवणारी'. खोटं कशाला लिहा?

तीन आठवड्यांनी ओळखीचं अक्षर आलं. 'दोन्ही बाटल्या उत्तम. चारशे पंचवीस. धूर नाही, श्वास नाही. परंतु भरणारी व्यक्ती अधिकृत नसल्यामुळे मुख्य नोंदीत घेता येत नाही. मी वेगळ्या फायलीत ठेवत आहे. नव्या बाटल्या सोबत पाठवल्या आहेत.'

म्हणजे बघा. धुरानं भरलेल्या तेरा बाटल्या शेरा मारून का होईना, नोंदीत बसल्या, कारण शेजारी साहेबाची सही. आणि गेल्या चार वर्षांत निघाली नसेल अशी स्वच्छ हवा बाहेर, कारण ती एका शिंपिणीनं भरली. राग गिळावा असं माझ्या आईनं शिकवलं होतं. मी तो धरून ठेवायला शिकले आहे, पन्नासपर्यंत.

काल धाकटी माहेरपणाला आलेली होती. स्वयंपाकघरात माझ्या मागे उभी राहून विचारत होती, "आई, मीठ किती घालू?" एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मी ओठ मिटून भिंतीकडे बघत उभी. ती घाबरून ओरडली, "काकू, आईला काय झालंय?"

जाऊबाईंनी खुर्चीतूनच सांगितलं, "चमचाभर घाल. तिला आत्ता बोलायला लावू नकोस. उद्या मंगळवार आहे."